घळीतले तीन एकर

मान्थोफेलाचं शेत कागदावर पाच एकर होतं आणि पायाखाली दोन. मधले तीन घळीने खाल्ले होते. एकदम नव्हे, तीस वर्षांत, दर पावसाळ्याला थोडे थोडे. लग्न होऊन ती आली तेव्हा नवरा ती घळ उडी मारून ओलांडायचा. आता पलीकडच्या माणसाशी बोलायचं तर दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडावं लागे.

मग कागदावर पाच कसे? त्याचं खापर फोडायला दुसरं डोकं शोधायची सोय नव्हती. डोंगरातली रीत अशी, की जमीन मोरेनाने, म्हणजे गावप्रमुखाने, कसायला द्यायची आणि दोन-तीन वर्षं पेरली नाही तर परत घेऊन दुसऱ्याला द्यायची. त्यामुळे मोजणीवाले आले की नवरा छाती काढून सांगायचा, "पाचही पेरलेत." तो वारल्यावर तीही तेच सांगत आली. सगळं गावच सांगत आलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोंबलायचं कुणाच्या नावाने?

यंदा मात्र राजधानी मासेरूहून निरोप आला, की ज्या गावांची जमीन कमी झाली आहे त्यांना घळ अडवायला दगड भरायच्या तारेच्या जाळ्या मिळणार. घळीची कड मान्थोफेलाच्या मक्यापासून बारा पावलांवर आली होती. हे दोन एकर गेले तर तिने खायचं काय, हा प्रश्न तिला रोज पापा, म्हणजे मक्याची घट्ट लापशी, ढवळताना पडत होता. म्हणून जिल्ह्याच्या कार्यालयातली लिनेओ टॅबलेट घेऊन दारात आली, तशी ती बसायलाही न सांगता म्हणाली, "अउसी, पोरी, दोन लिही."

"म्मे," लिनेओ आईला हाक मारावी तशी म्हणाली, "नोंदीत पाच आहेत."

"नोंद खोटी आहे."

"कुणी केली खोटी?"

"मीच की. आता खरं सांगतेय, तर लिहून घे."

लिनेओ पोरगी प्रामाणिक होती. ती यंत्र हातात धरून शेताच्या कडेकडेने चालली. दोन एकर भरले. आकडा टाकला आणि टॅबलेट लाल झाला.

"कारण विचारतोय. घर बांधलं, वाटणी केली की पडीक ठेवली?"

"घळीने खाल्ली."

"ते नाहीये यात."

"अगं, जमीन जायची आमच्याकडे तीच एक वाट आहे आणि तीच नाही तुझ्या डब्यात?"

"मी नाही बनवला, म्मे. 'इतर' टाकता येईल, पण त्याला मोरेनाची सही लागते."

दोघी गेल्या तेव्हा मोरेना भिंतीला पाठ लावून उन्हात बसला होता. पुढ्यात ज्वारीच्या बिअरचा डबा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि घोंगडी सारखी केली.

"तुझे कमी केले तर उद्या अख्खं गाव रांगेत उभं राहील. मग वरचे मला विचारतील, तीस वर्षं सह्या करत होतास तेव्हा डोळे काय गहाण ठेवले होतेस?"

"मग सांगा ना, न्ताते, की सगळेच खोटं बोललो."

"तू सांग. तुला कुठे खुर्ची आहे?" तो हसला. "आणि वरची कुरणं नांगरली ती धरली, तर आपल्या गावची जमीन वाढलीय. वाढलेल्या गावाला जाळ्या कोण देईल?"

मान्थोफेलाच्या मस्तकात कळ गेली. म्हणजे डोंगरमाथ्यावर गवत उपटायचं, त्यामुळे पाणी आणखी जोरात खाली यायचं, घळ आणखी रुंद व्हायची आणि गाव कागदावर फुगायचं. तिने तिथेच पदरची युक्ती काढली.

"बरं. कायदा आहे ना? ते तीन एकर मी दहा वर्षांत पेरलेले नाहीत. परत घ्या. ही लिनेओ साक्षीला आहे."

मोरेना हुज्जत घालेल म्हणून तिने कंबर कसली होती. पण त्याने लगेच वही मागवली आणि शिक्का मारला. टॅबलेट हिरवा झाला. मान्थोफेलाच्या नावावर दोन एकर, अगदी खरे. त्या दिवशी ती घरी येईपर्यंत गाणं गुणगुणत होती.

महिन्याभराने तिने जिल्ह्याला फोन लावला. "जाळ्या कधी येतायत?"

"म्मे, तुमचे दोन झाले," लिनेओ चाचरत म्हणाली, "पण गावाचा आकडा तेवढाच आहे. ते तीन एकर मोरेनाकडे शिल्लक दिसतात. वाटपासाठी."

"वाटायला काय आहे त्यात? वारा?"

 मान्थोफेलाला रडू आलं आणि त्या रडण्याचाही तिला राग आला.

पुढच्याच आठवड्यात मोलेफी आला. सीमेपलीकडच्या खाणीतून कामावरून काढून टाकलेला, नुकतंच लग्न झालेला गडी. नवी टोपी, हातात शिक्क्याचा कागद.

"म्मे, तीन एकर मिळाले मला. तुमच्या शेजारचे. कुठून सुरू होतात?"

ती त्याला कडेपर्यंत घेऊन गेली. "इथून. पाय जपून."

मोलेफीने खाली डोकावून पाहिलं. मग त्याने कागदाची घडी घालून घोंगडीच्या आत ठेवली.

"परत करून टाक," ती म्हणाली. "आणि का करतोयस ते चारचौघांत सांग. आपण दोघं झालो तर तिसरा बोलेल."

"सहा वर्षं रांगेत होतो. परत केली तर नाव पुन्हा तळाला. आता निदान सासऱ्यासमोर जमीनवाला म्हणून बसता तरी येतं."

तेवढ्यात पायवाटेने लिनेओ आली. नव्या कसणाऱ्याची नोंद करायची होती. दोघं कडेवर उभी आहेत आणि पुढे काय आहे, हे तिने पाहिलं. मग टॅबलेटकडे बघूनच तिने विचारलं, "न्ताते, पेरलेत का?"

मोलेफीने छाती काढली. "तीनही पेरलेत."

"काय पेरलंय?"

"मका."

 मान्थोफेला वळून कडेपासून आपल्या मक्यापर्यंत पावलं मोजत गेली. नऊ भरली.