क्लॅरीच्या सहीचा पिवळा टॅग

साल १९९६, ऑक्टोबरातला दुसरा शनिवार. टॅलिगनच्या शेतकी जत्रेची मी तेव्हा चिटणीस होते. वय चोपन्न. नवरा लेन जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि जत्रा म्हणजे माझ्याच घरचं कार्य अशा थाटात मी मैदानभर हिंडायचे.

मैदानावर वीज नव्हती. मेंढ्यांच्या छपरापासून चहाच्या तंबूपर्यंत सगळं जनरेटरवर. म्हणून नियम एकच आणि कडक होता: तपासल्याशिवाय कुठलीही वायर जनरेटरला लावायची नाही. तपासलेल्या वायरला प्लगपाशी टॅग, सप्टेंबर ते नोव्हेंबर या आमच्याकडच्या वसंतातल्या तीन महिन्यांसाठी पिवळा, आणि त्यावर तारीख व क्लॅरी पेनहॉलची सही.

क्लॅरी एकाहत्तर वर्षांचा निवृत्त वायरमन. जत्रेआधीच्या गुरुवारी माझ्या ऑफिसबाहेर टेबल मांडून बसायचा. लोक आपापल्या वायरी खांद्यावर टाकून रांगेत. तो प्रत्येक वायर बोटांनी इंच इंच चाचपायचा आणि मग यंत्र लावायचा. नापास झाली की मालकासमोरच प्लग कापून टाकायचा.

"रड आता," म्हणायचा. "तुझ्या बायकोनं रडण्यापेक्षा बरं."

त्याची एक खोड मात्र मला एकटीला माहीत होती. सकाळच्या गारठ्यात त्याची बोटं आखडायची, म्हणून तो आदल्या दिवशी घरी शेकोटीपाशी बसून पन्नासेक टॅगांवर सह्या करून ठेवायचा. उरलेले टॅग बिस्किटांच्या डब्यात घालून माझ्या कपाटात जायचे.

त्या शनिवारी चहाचा तंबू ड्यूल्सी रोवकडे होता. ड्यूल्सी माझी शाळेपासूनची मैत्रीण. रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची आणि इतर दिवशी माझ्यावर हुकूम गाजवायची. सकाळी नऊलाच एप्रनला हात पुसत ती माझ्या ऑफिसात आली.

"मर्ल, तो खडखड्या माझ्या कानाशी बसवलाय. 'क्रीम घालू का?' विचारलं तर लोक म्हणतात, 'कोण मेलं?' दूर ने त्याला."

जनरेटर झाडांमागे नेला, तशी चहाच्या पाण्याच्या बंबाची वायर पुरेना. माझ्या गाडीच्या डिकीत लेनची लांब वायर होती. तिला टॅग नव्हता. मधे एका ठिकाणी लेननं काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. ती मला दिसली होती, हे मी आज स्वच्छ लिहिते.

क्लॅरी मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, लाकूडतोडीच्या शर्यतीपाशी. तिथं जाऊन त्याला आणायचं म्हणजे अर्धा तास. चहाची रांग कोंबड्यांच्या छपरापर्यंत गेली होती. मी ऑफिसात गेले, डबा उघडला, सही केलेला एक टॅग काढला, त्यावर क्लॅरीसारखेच आकडे काढून गुरुवारची तारीख घातली आणि वायरीला लावला.

जनरेटरवर नेव्हिल क्विस्ट उभा होता. भला माणूस, पण टॅगाशिवाय राणीलाही प्लग लावू देणार नाही म्हणायचा. त्यानं टॅग उलटून पाहिला.

"क्लॅरीची सही म्हणजे देवाची सही," तो म्हणाला आणि प्लग लावला.

अकराच्या सुमारास एक बाई बाळाची गाडी घेऊन तंबूत शिरत होती. शुक्रवारी पाऊस झाला होता, गवत ओलं होतं. ड्यूल्सी कप विसळत होती, ती तशाच ओल्या हातांनी पुढे झाली. "थांब गं, चाक अडकेल," म्हणत तिनं वायर उचलली. नेमकी चिकटपट्टीपाशी. पट्टी भिजून सुटली होती.

ती किंचाळली नाही. घशातून नुसती घरघर आली आणि मूठ उघडेना. नेव्हिलनं धावत जाऊन जनरेटर बंद केला, तेव्हा ती पडली. श्वास चालू होता. तळव्याला जळल्याचा वास येत होता.

सोमवारी वीजखात्याचा तपासनीस आला. सभागृहात टेबलावर ती वायर ठेवली होती. क्लॅरीनं टॅग लांब धरून वाचला.

"सही माझी आहे," तो म्हणाला. "ही वायर मला आठवत नाही."

"टॅग आहे, म्हणजे तुम्ही तपासली असणार," तपासनीस म्हणाला.

क्लॅरीनं माझ्याकडे पाहिलं. "मर्ल, तू तिथंच होतीस. ही वायर माझ्या हाताखालून गेली का?"

"खूप वायरी होत्या, क्लॅरी," मी म्हटलं.

बस, एवढंच बोलले.

त्यानं वायरमनचा परवाना परत केला. गाडी विकली; जो वायर विसरतो तो समोरचं माणूसही विसरेल, म्हणाला. पुढच्या मे महिन्यात त्याची बायको आयव्ही मला बेकरीत भेटली.

"सकाळी उठल्यावर मला म्हणतो, 'आयव्ही, काल काय जेवलो ते सांगतो, बरोबर का बघ.' रोज, मर्ल. आणि रोज बरोबर सांगतो. तरी त्याचा विश्वास बसत नाही."

मी पाव तिथंच ठेवला आणि त्यांच्या घरी गेले. क्लॅरी परसात बटाटे काढत होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

"पुन्हा सांग," तो म्हणाला.

मी पुन्हा सांगितलं. तो पालथ्या बादलीवर बसला.

"म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे."

"हो."

"सात महिने, मर्ल."

"हो."

त्यानं हातांवरची माती खरवडून काढली. मग विचारलं, "ड्यूल्सीला सांगितलंस?"

"नाही."

"मग माझ्याकडे काय करतेस? कोऱ्या टॅगांवर सह्या मी केल्या, तेवढं पाप माझं. ते मी सांगीन. तुझं तू सांग. चल, गाडी तूच चालव. माझी विकली."

ड्यूल्सीनं दोघांचंही ऐकून घेतलं. मग उठून डाव्या हातानं किटली ठेवली.

"लेनची वायर होती?"

"हो."

"त्या माणसाला चिकटपट्टीपलीकडे कधी काही सुचलं नाही," ती म्हणाली. माझ्याबद्दल ती काहीच बोलली नाही.

त्याच आठवड्यात क्लॅरीनं आणि मी जत्रेच्या समितीपुढे आणि तपासनिसापुढे जबाब दिले. चिटणीसपद माझ्याकडून काढून घेतलं, ते योग्यच झालं. नेव्हिलनं मला पुन्हा हाक मारली नाही. पुढं तो मुलीकडे पर्थला गेला. क्लॅरीला समितीनं परत बोलावलं. तो गेला नाही, पण जुनी का होईना गाडी घेतली आणि आयव्हीला समुद्र दाखवून आणला. तो २००४ मध्ये गेला, शेवटपर्यंत शुद्धीत. आयव्ही त्याच्यामागून दोन वर्षांनी.

ड्यूल्सीची दोन बोटं सरळ झालीच नाहीत. ऑर्गन सुटला, चर्चमध्ये कॅसेट लावू लागले. ती गेली त्या वर्षापर्यंत, म्हणजे पुढची अठरा वर्षं, दर बुधवारी दुपारी ती माझ्याकडे चहाला आणि मी भाजलेले स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव, खायला यायची. त्या दिवसाचा विषय तिनं एकदाही काढला नाही. मी काढला की म्हणायची, "स्कोन जरा कच्चे राहिलेत, मर्ल."

मी आता वृद्धाश्रमात असते. बुधवारी दुपारी मी कुणाला खोलीत येऊ देत नाही.