रोवलेलं फावडं

“फावडं रोवलंस तर घर गेलं, गाई गेल्या. मग मी राहायचं कुठे, तेवढं सांग,” हिस्के म्हणाली.

तिचा नवरा वोब्बे समुद्राच्या बांधावर उभा होता. फावडं त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

रात्रीच्या भरतीने त्याच्या वाट्याचा बांध चाळीस पावलं खाल्ला होता. समुद्राकडची बाजू ढासळून आतली काळी चिकणमाती उघडी पडली होती. दुपारी पुन्हा भरती, तीही उधाणाची. वर वारा वायव्येचा.

आमच्या गावात प्रत्येक घराला बांधाचा तुकडा ठरलेला. ज्याला झेपत नाही त्याने आपलं फावडं तिथे रोवायचं आणि सूर्य बुडायच्या आत अंगावरच्या कपड्यांनिशी गाव सोडायचं. परत यायचं नाही. जो ते फावडं उपटेल, घरदार त्याचं. पण बांधही त्याचाच, त्याच क्षणापासून. चर्चच्या टेकाडाखाली तीन जुनी गावं एकावर एक गाडलेली आहेत, ती ज्यांनी बांध सोडला त्यांची, असं म्हातारे सांगतात. खरं-खोटं समुद्राला ठाऊक.

पाच वर्षांपूर्वी याच जागी वोब्बेचा भाऊ गोस्से मातीसकट खाली गेला होता. वोब्बेने त्याची कॉलर धरली होती. कॉलर हातात राहिली, गोस्से गेला. तेव्हापासून हा माणूस जेवतानासुद्धा खिडकीकडे तोंड करून बसायचा.

“मला नाही जमत, हिस्के,” तो म्हणाला आणि त्याने फावडं रोवलं.

आठ-दहा शेजारी जमले होते. बांधाचा मुकादम त्यार्ड म्हातारा, पण नियमाचा पक्का. त्याने विचारलं, कोण उपटतंय? त्याने पुन्हा विचारलं. सगळे आपापल्या लाकडी बुटांकडे बघत राहिले, जसे काही आजच घेतलेत. शेजारच्या फोक्केचा वोब्बेच्या गाईंवर किती वर्षांपासून डोळा होता, हे पोरंसोरंही जाणत होती. तो फावड्याकडे बघे, मग पाण्याकडे बघे.

“गाई घेतो की,” तो शेवटी म्हणाला. “बांध तेवढा देवाला द्या.”

कुणी हसलं नाही. पाणी खाली चिखल चाटायला लागलं होतं. कुणीच उपटलं नाही तर टेकाडाच्या पायथ्याची सगळी घरं जाणार, हे मुकादमालाही कळत होतं. त्याने तिसऱ्यांदा विचारलं.

हिस्के पुढे आली. तिने घागरा कमरेला खोचला आणि फावडं उपटलं.

मुकादम तिच्याजवळ आला. “पोरी, कळतंय ना तुला? रोवणाऱ्याला थारा नाही. नवरा असला तरी.”

“कळतंय,” ती म्हणाली. “फोक्के, उभा काय राहिलायस? गवताची ढेपळं आण. तुझं घर माझ्या घराहूनही खाली आहे.”

फोक्के गेला. मग बाकीचेही पांगले, कुणी हातगाडी आणायला, कुणी पेंढा.

वोब्बे तसाच उभा. मग त्याने वाकून एक ढेकूळ उचललं आणि भगदाडात टाकलं. मुकादमाने त्याचं मनगट धरलं.

“हा तुझा बांध नाही आता.”

“सूर्य अजून वर आहे, मुकादम,” हिस्के वर न बघता म्हणाली. “तोवर मजूर कोण ठेवायचा ते मी बघेन.”

मुकादमाने हात सोडला.

वोब्बे भगदाडात उतरला, सगळ्यात खाली, जिथे कुणी उतरत नव्हतं. पाणी त्याच्या गुडघ्यांना लागलं, मग मांड्यांना. त्याचे दात वाजत होते, वर ऐकू येत होतं. ती वरून माती लोटत होती, तो खाली तुडवत होता. एकदा लाट त्याच्या डोक्यावरून गेली. हिस्केचं फावडं तेवढं थांबलं. तो वर आला, तोंडातली वाळू थुंकला आणि पुन्हा तुडवायला लागला.

पाणी बांधाच्या माथ्याखाली वीतभर येऊन थांबलं. मग हळूहळू उतरायला लागलं.

पश्चिमेकडे ढगाखाली लाल पट्टी उरली होती. वोब्बे वर चढला आणि हाताची माती विजारीला पुसली.

हिस्के माती लोटतच राहिली.

“मला आता निघायला हवं,” तो म्हणाला.