वर्गाबाहेरची पस्तीस मिनिटं

सकाळी सहाला पाच मिनिटं कमी असताना हेडमास्तरांनी उशाखालून मनगटी घड्याळ काढलं, नाकातल्या नळीला धक्का न लावता चष्मा चढवला आणि वही उघडून तारखेखाली पट्टीने रेघ मारली. सफाईची बाई आठ मिनिटं उशिरा आली होती. कोपऱ्यातला पंखा कालच्यासारखाच कुरकुरत होता. समोरच्या कॉटवरचा ट्रकड्रायव्हर घोरत होता. एवढं सगळं नोंदवून झाल्यावर त्यांनी बाही वर सरकवली, दंड मोकळा केला आणि ते दाराकडे बघत राहिले.

सहाच्या ठोक्याला सिस्टर ट्रे घेऊन आली.

"दुखतंय का, सर?"

"सहा वाजले," हेडमास्तर म्हणाले.

तिने इंजेक्शन दिलं. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी गावातली निम्मी तरुण मंडळी त्यांना पाहून अजूनही हातातलं काहीतरी पाठीमागे लपवत. ही सिस्टरही त्यांच्याच शाळेची.

अपेंडिक्स फुटलं म्हणून ऑपरेशन झालं, त्याला आज पाचवा दिवस. टाके उत्तम होते, ताप उतरला होता. फक्त आतडी हलत नव्हती. पीळ नाही, कुठे अडकलेलं नाही, नुसता संप पुकारलाय, असं डॉक्टर म्हणाले होते. पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं. परवा घशाला कोरड पडली म्हणून ते गुपचूप दोन घोट पाणी प्यायले आणि भडभडून हिरवी उलटी झाली. तेव्हापासून नाकात नळी, शिरेत सलाईन आणि तोंडात पाण्याचा थेंबही नाही, कारण पुढची उलटी फुफ्फुसात उतरली तर न्यूमोनिया ठरलेला.

आता सगळे एकाच गोष्टीची वाट बघत होते. त्या गोष्टीचं नाव हेडमास्तरांनी जन्मात उच्चारलं नव्हतं. बायकोला मात्र दिवसातून वीसदा फोन येत, आणि निकाल लागायचा राहिल्यासारखं ती सर्वांना एकच सांगे, की अजून नाही. ट्रकड्रायव्हरने तर काल मोकळेपणाने धीर दिला होता.

"मास्तर, लाजू नका. इथं सगळे आपलेच आहेत."

हेडमास्तरांनी भिंतीकडे तोंड केलं होतं.

त्याहून मोठा अपमान काल दुपारी झाला. डॉक्टरांनी च्युइंगम लिहून दिलं. चघळायला लागलं की पोटाला जेवण येतंय असं वाटतं आणि ते कामाला लागतं, असं त्यांचं म्हणणं. एकतीस वर्षं ज्या माणसाने बाकांच्या खालून हा चिकटा स्वतःच्या पट्टीने खरवडून काढला, त्याला हे औषध. पुडी लॉकरवर तशीच पडून होती.

नऊ वाजता राउंड आला. परगावाहून आलेले तरुण डॉक्टर त्यांना काका म्हणत, हे हेडमास्तरांना टाक्यांपेक्षा जास्त टोचे. डॉक्टरांनी पोटावर स्टेथोस्कोप ठेवला आणि बंद घराच्या दाराला कान लावावा तसं बराच वेळ ऐकलं. आत सामसूम होती.

"पोटॅशियम कमी होतं, ते भरून निघालंय. मग आता अडतंय कुठे?" ते स्वतःशीच म्हणाले आणि त्यांनी औषधांचा कागद उलटला. मग ते सिस्टरकडे वळले. आवाज हळू होता, पण वॉर्डाने कान टवकारले होते.

"हे फक्त दुखलं तर द्यायचं होतं. चारही वेळा, घड्याळ लावून? हे औषध दुखणं झोपवतं तसं आतड्यांनाही झोपवतं. एवढं साधं कळू नये? उद्यापर्यंत हालचाल नाही झाली तर स्कॅन, नाहीतर पुन्हा पोट उघडायची वेळ. मेट्रनच्या कानावर घालावं लागेल मला."

सिस्टर तिथेच उभी राहिली. मान खाली, खालचा ओठ दातांत, नजर समोरच्या फरशीवर.

तसं उभं राहणं हेडमास्तरांनी कुठेतरी पाहिलं होतं. सहावीचा वर्ग, तिसरा बाक. एका मुलीचा जबडा हलत होता. त्यांनी फळ्यापाशी उभं राहूनच तिला बाहेर जायला फर्मावलं. दारात तोंड उघडायला लावलं, तर आत काहीच नव्हतं. प्रश्न आपल्यावर येईल या धास्तीने ती मनातल्या मनात पाढा म्हणत होती. पण चाळीस पोरं बघत होती आणि हुकूम सुटला होता. ती पूर्ण तासिका, पस्तीस मिनिटं, अशीच उभी राहिली होती.

आणि मंगळवारी हीच मुलगी त्यांना विचारत होती, दुखत नसेल तर राहू दे का, सर? त्यांनी कागदावरच्या 'सहा तासांनी' या अक्षरांवर बोट ठेवलं होतं.

हेडमास्तरांनी उशाखालून वही काढली.

"डॉक्टर, मंगळवार वाचा. दुपारचे बारा."

डॉक्टरांनी वाचलं. वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'इंजेक्शन. वेदना: नाही. सिस्टरने न घेण्याविषयी सुचवले. वेळापत्रकाप्रमाणे घेतले.' तिथून आज सकाळपर्यंत 'वेदना: नाही' असं आठ वेळा आलं होतं, प्रत्येक वेळी तारखेसह.

"चूक माझी आहे," हेडमास्तर म्हणाले. डॉक्टरांकडे न बघता त्यांनी पुढचं वाक्य पुरं केलं. "तिची तेव्हाही नव्हती."

डॉक्टरांनी मान डोलावली, कागदावरची एक ओळ खोडली, हसू दाबत वही परत केली आणि ते पुढच्या कॉटकडे गेले. सिस्टरने नजर वर केली होती.

"अगं, ती पुडी दे," हेडमास्तर कॉटशेजारी बसलेल्या बायकोला म्हणाले.

"कुठली?"

त्यांनी हनुवटीने लॉकर दाखवला. पुढे केव्हा काही विचारायचं नाही, हे चाळीस वर्षांच्या संसारात तिला पक्कं कळलं होतं. तिने कागद सोलून वडी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती औषधासारखी डोळे मिटून तोंडात टाकली, पोटावर हात धरून कॉटवरून उतरले आणि सलाईनचा स्टँड ढकलत वॉर्डाच्या दाराबाहेर गेले. तिथे भिंतीशी पाठ ताठ करून, एक हात मागे घेऊन उभे राहिले आणि चघळू लागले. येणारे-जाणारे वळून बघत होते.

दहा मिनिटांनी सिस्टर आली.

"सर, चला आता आत."

"किती वाजले?"

"नऊ चाळीस."

"मग अजून पंचवीस मिनिटं आहेत."

मग तिने नळीत पाय अडकू नये म्हणून स्टँड थोडा बाजूला घेतला.

"निदान चालत तरी राहा. उभं राहून उपयोग नाही," ती म्हणाली आणि आपल्या कामाला गेली.

हेडमास्तर चालू लागले. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत, तोंड हलवत. सहाव्या फेरीला पोटात कुठेतरी खोलवर काहीतरी गुरगुरलं. त्यांनी सवयीने खिशाकडे हात नेला. वही आत, उशाखाली राहिली होती. ते पुढे चालत राहिले.