सर्व्हरबाईंचा एक आकडा

जुने नकाशे स्कॅन करणाऱ्या त्या कचेरीत तिला सगळे सर्व्हरबाई म्हणत. पाच डिस्क जोडून लिनक्सवरची साठवण तिनंच उभी केली होती. पण गेलं वर्षभर तिथं काही लिहायचं म्हटलं की जीव जायचा. बायका 'सेव्ह' दाबून हातावर हात ठेवून बसायच्या आणि साहेब काचेआडून बघायचे.

"डिस्क जुन्या झाल्यात," सर्व्हरबाई दर वेळी सांगायची.

"डिस्क नाही, माणसं मंद आहेत," म्हणत साहेबांनी सर्वांत कमी नकाशे करणाऱ्या दोघींना घरी बसवलं. त्यातली एक हिची थोरली नणंद. हिनंच चिकटवून दिलेली.

"वहिनी, सेव्हची पट्टी पुढं सरकतच नाही, मी काय करू?" नणंद तेव्हा कळवळून म्हणाली होती. हिनं तिच्यासाठी साहेबांकडं शब्द टाकला नाही. स्वतःची नोकरी कुणाला नको असते?

नव्या डिस्कांची मागणी लिहायची म्हणून एका दुपारी तिनं जुन्यांचा वेग मोजला. एकेक डिस्क ठणठणीत निघाली. मग तिनं जोडणीच्या सेटिंगा उघडल्या. डिस्कवर लिहिण्याआधी डेटा क्षणभर थांबवायच्या जागेचा आकडा दोनशे छप्पन्न. पहिल्याच दिवशी तिनं तो आकडा आठ हजारांवर नेला होता. मागच्या वर्षी वीज गेली, मशीन पुन्हा सुरू झालं आणि आकडा मूळपदावर आला. मशीन सुरू होताना चालणाऱ्या फाइलीत एक ओळ घालायची होती. ती राहून गेली होती.

तिनं आकडा पुन्हा वाढवला आणि ती ओळ घातली. सेकंदाला चाळीस एमबीचा वेग एकशे नव्वदवर गेला.

साहेबांना तिनं सगळं खरं सांगितलं. ते हसले. "झालं ना आता? मग कशाला उकरून काढता? कमी माणसांत काम होतंय, उत्तम."

संध्याकाळी ती नणंदेकडे गेली. नणंद कुणाच्या तरी पडद्यांना शिलाई मारत होती. सगळं ऐकेपर्यंत तिनं मशीन थांबवलं नाही.

"म्हणजे मी मंद नव्हते," ती म्हणाली.

"नाही, वन्सं. चूक माझी होती."

"वर्षभर मी स्वतःलाच शिव्या घातल्या गं. डोळे तपासून आले. चष्मा केला." तिनं दातांनी दोरा तोडला. "साहेब परत घेतायत?"

सर्व्हरबाईनं मान हलवली. नाही.

"मग मला सांगायला कशाला आलीस? तुला हलकं वाटावं म्हणून?"

नणंदेनं पुढचा पडदा ओढून घेतला.