पेपर वाचायला बँकॉकला?

रविवारी सकाळी नांदेडच्या घरात सिंधुताई भिजवलेले चुरमुरे पिळून न्याहारीला सुशीला करत होत्या. देवणीचे पाहुणे येणार होते. फोडणी तडतडली तशा त्या लेकीला म्हणाल्या, "तनू, परदेशाचं तू काढू नको. बाबाच काय ते बोलतील."

तनुजा संगणकशास्त्रात पीएच.डी. करत होती. माणूस बोलेल ते संगणकाने ऐकून लिहावे, हा तिचा विषय. शहरी मराठी यंत्राला कळे. आपल्याकडच्या बायका होकार देताना "हाव" म्हणाल्या की ते "हवा" लिही. ही चूक कशी सुधारावी, यावरचा तिचा शोधनिबंध बँकॉकच्या एका परिषदेने स्वीकारला होता. ज्या विद्यार्थ्यांना प्रवासाचा खर्च झेपत नाही, त्यांचे तिकीट आणि राहणे परिषदच आपल्या निधीतून करते. तनुजाची त्यात निवड झाली होती.

पाहुणे म्हणजे तिचे होणारे सासू-सासरे, रामलिंगअप्पा आणि महादेवी. त्यांच्या मुलाशी, विरूपाक्षशी, तिचे लग्न ठरले होते. बातमी त्यांच्या कानावर आधीच गेली होती. महादेवीने बशी हातात घेतली, पण घास उचलला नाही.

"तिकडं जाऊन काय करनार पोरगी?"

"पेपर वाचायचाय तिला," तनुजाचे वडील भुजंगराव म्हणाले.

"पेपर?" रामलिंगअप्पा हसले. "आमच्या देवणीत चहाच्या आधी पेपर येतो की! त्याच्यासाठी इमानात बसायचं?"

भुजंगरावही हसले. ते हसणे तनुजाला लागले.

"तो पेपर नाही, काका. मी केलेलं काम तिथं उभं राहून सांगायचं."

"बरं. पैसे कोन देतंय?"

"परिषद."

"परिषद म्हंजी माणूसच ना? नाव काय त्याचं?"

"एकजण नसतो. समिती निवडते."

"ओळख ना पाळख, अन् तिकीट धाडतेत! आमच्या बैलबाजारात बैलासंगं दावंसुदिक फुकट देत न्हाईत, पोरी."

महादेवीने आवाज खाली आणला. "तुमचे पीएच.डी.चे सर येनार हायेत का संगं?"

"नाही."

"मंग कोण हाय संगं?"

कुणीच नाही, हे उत्तर त्यांना सर्वांत वाईट वाटले.

"एक तर आमचा विरूपाक्ष संगं जाईल," रामलिंगअप्पा म्हणाले, "न्हाईतर सरांना वाचू द्या. कुनीबी वाचलं तरी अक्षरं तीच ऱ्हातेत."

सिंधुताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. "अप्पा, विरूपाक्षराव दुबईला ट्रेनिंगला गेलते, तवा तिकीट कुनी काढलंतं?"

"कंपनीनं."

"कंपनीत बी माणसंच असतेत ना? त्यांची नावं इचारली का तुमी? पेढे वाटले. आमीबी खाल्ले."

"तो गडी माणूस हाय, सिंधुताई," महादेवी म्हणाली.

"तेवढंच हाय न्हवं? मंग तिकिटाचं नाव कशाला घेता?"

मुलाला कुणी मदत केली की आपण मुलाची हुशारी बघतो. मुलीला केली की मदत करणाऱ्याची नियत. सगळीकडे असेच असते, असे म्हणण्याचा धीर मला होत नाही. पण त्या बैठकीत तसेच होते.

रामलिंगअप्पा भुजंगरावांकडे वळले. "पाव्हणं, बायकांचं जाऊ द्या. तुमी छातीवर हात ठिवून म्हना, लेकीवर माझा भरवसा हाय. मंग आमचं काय म्हननं न्हाई."

एवढेच हवे होते. तनुजाने वडिलांकडे पाहिले. मुलगी शिकावी म्हणून या माणसाने भावकीशी भांडण घेतले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"आता... दिवसच असे आलेत," ते म्हणाले.

तनुजाचा चेहरा उतरला, आवाज उतरला नाही. "राहू द्या, बाबा. मी जाणार आहे. एकटी. काम माझं आहे, तेव्हा सांगणारही मीच. यावर सोयरीक मोडत असेल तर मोडू द्या."

महादेवीची बशी तशीच भरलेली राहिली. संध्याकाळी देवणीहून फोन आला आणि सोयरीक मोडली. गल्लीत मात्र बँकॉक हा शब्द बरेच दिवस हसत हसत उच्चारला जात होता.

जायच्या दिवशी हैदराबादच्या गाडीपर्यंत भुजंगरावांनी स्वतः बॅग उचलून नेली. पाण्याची बाटली दिली, पोचल्यावर फोन कर म्हणाले. गाडी हलली तेव्हा खिडकीतून तनुजाने हात केला. त्यांनीही हात वर केला. पण ते तिच्याकडे बघत नव्हते. गाडीबरोबर चार पावले चालत, वाकून, तिच्या शेजारी कोण बसले आहे, ते बघत होते.