दिवेलागणीनंतरची साखर

“आई, ती फवाऱ्याची बाटली भरून ठेवा. दोन चमचे साखर टाका आणि नीट हलवा. मी आले की मारते.”

खांद्यात धरलेल्या फोनवर एवढं सांगून कल्पितानं खिडकीतून आत आलेला आधारचा कागद ओढून घेतला. पालिकेच्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर तिची दुपारपाळी होती. रांगेत तापानं मलूल झालेली दोन मुलं होती, हाताला रुमाल गुंडाळलेला एक वेल्डर होता. नाव, वय, पत्ता. पलीकडून सासूबाई ‘बरा’ म्हणाल्या की आणखी काही, ते तिला नीट ऐकू आलं नाही.

आठला सुटून ती खारेगावच्या घरी पोचली तेव्हा बाटली गॅलरीच्या कठड्यावर तयार होती. काच पुसायच्या निळ्या पाण्याची ती जुनी बाटली. कल्पितानं पर्स खुर्चीवर टाकली आणि कपडेही न बदलता अनंताच्या झाडावर फवारा मारला. आधी वरून, मग एकेक फांदी उचलून पानांच्या खालून. हात इतके दुखत होते की शेवटच्या दोन फांद्या तिनं तशाच सोडल्या.

साखरेचं खूळ संचिताचं. ती दवाखान्यातच औषधांच्या खिडकीवर बसायची आणि वर्तकनगरला कॉलनीच्या गच्चीवर तिच्या पंधरा-वीस कुंड्या होत्या. अनंत पिवळा पडतोय, पाच वर्षांत कळी नाही, असं कल्पितानं मार्चमध्ये सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, “अगं, मुळांना किती भरवशील? पानांना पण तोंड असतं. लिटरभर पाण्यात दोन छोटे चमचे साखर, पंधरा दिवसांतून एकदा. पेशंटला सलाईन लावतो तसं समज.”

“मग घरी सगळ्यांनाच लावते.”

“मग मोठी बाटली घे.”

दुसऱ्या दिवशी साध्या पाण्यानं पानं धुवायची, नाहीतर चिकटपणा राहतो आणि बुरशी धरते, हेही तिनं बजावलं होतं. धुतली तरी मुंग्या यायच्याच. गॅलरीच्या उंबऱ्यापासून कुंडीपर्यंत त्यांची बारीक रेघ लागायची. साखरेनं झालं, की कल्पितानं त्याच सुमारास बदललेल्या मातीनं, हे सांगता आलं नसतं. पण पिवळेपणा थांबला आणि एप्रिलच्या शेवटी झाडाला तीन कळ्या धरल्या.

हे झाड सासऱ्यानं, रामा पाटलानं लावलेलं. त्याचं जुनं घर याच जागेवर होतं आणि अंगणात अनंताचं मोठं झुडूप होतं. बिल्डरला जागा दिली, घर पडलं, झुडूपही गेलं. त्याआधी रामानं एक फांदी तोडून रंगाच्या रिकाम्या डब्यात खोचली. सातव्या मजल्यावर राहायला आल्यावर दुसऱ्या वर्षी तो वारला. फांदी जगली, पण फुलली नाही.

सासूबाईंना, सखुबाईंना, आता पुष्कळ गोष्टी आठवत नसत. जेवण झालं का, आज वार कुठला, नातीचं लग्न झालं की व्हायचंय, सगळं त्या पुन्हा पुन्हा विचारायच्या. कळ्यांचा आकडा मात्र चुकत नव्हता. सकाळी चहाआधी त्या गॅलरीत जायच्या, बोट लावून मोजायच्या आणि आत येऊन सांगायच्या, “तीन हायत.”

जानेवारीत त्यांनी मोरीचा नळ उघडा ठेवला होता आणि खालच्यांच्या छतातून पाणी गळलं. त्या आठवड्यात कल्पिताचा नवरा प्रशांत बदलापूरजवळची, म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेणारी एक संस्था बघून आला. तिथला फॉर्म फ्रिजवर ठेवलेला होता. प्रशांत कंपनीची बस चालवायचा, पाळ्या बदलत्या. कल्पिता दुपारी बारा ते आठ बाहेर. “आता एकदा जरी काय झालं ना, तर मी फॉर्म भरणार. मग मला काय बोलू नकोस,” असं त्यानं सांगून ठेवलं होतं. त्याचं चुकत होतं असं कल्पिताला कधी वाटलं नाही. फक्त फॉर्मवर धूळ बसली की ती पुसायची नाही.

फवारा मारला तो गुरुवार होता. शुक्रवारी पाणी नव्हतं, त्यामुळे पानं धुवायची राहिली. शनिवारी पानांच्या कडा तपकिरी दिसल्या. मे महिना आहे, ऊन लागलं असेल, असं म्हणून तिनं कुंडीवर जुनी ओढणी बांधली. रविवारी एक कळी काळी पडून गळाली होती. उरलेल्या दोन तिनं बोटानं तपासल्या. त्याही देठातून मऊ झालेल्या.

तेव्हा तिच्या लक्षात आलं की या खेपेला मुंग्या आलेल्या नाहीत.

तिनं कठड्यावरची बाटली उचलली. फवाऱ्याच्या तोंडाशी पांढरा पापुद्रा धरला होता. तिनं तो नखानं खरवडून जिभेला लावला. मीठ होतं.

लग्न होऊन ती ठाकुर्लीच्या रेल्वे क्वार्टर्समधून या घरी आली, त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी चुलीवर बोंबलाचं कालवण होतं. सासूबाईंनी हात पुढे करून साखर मागितली आणि तिनं मुकाट्यानं साखरेचा डबा दिला. पुढे पानावर बसलेला सासरा पहिल्या घासाला थांबला आणि म्हणाला, “पोरीनं कालवनाचा शिरा केला.” घरातली माणसं पोट धरून हसली. मग तिला सांगण्यात आलं: या घरच्या तीन पिढ्या खाडीकाठच्या मिठागरात राबल्या. दिवे लागले की इथे मिठाचं नाव घेत नाहीत. लक्ष्मी उठून जाते. दिवेलागणीनंतर मीठ हवं असेल तर साखर मागायची. आणि साखर हवी असेल तर? तर सकाळपर्यंत थांबायचं, सासरा म्हणाला होता.

त्यानंतर बावीस वर्षं कल्पितानं दररोज संध्याकाळी न चुकता ‘साखर’ म्हटल्यावर मिठाची बरणी पुढे केली होती.

तिनं फोन काढून गुरुवारचा कॉल बघितला. सात वाजून बारा मिनिटं. दवाखान्यात दिवसभर ट्यूबलाइट असते, बाहेर अंधार कधी पडला ते खिडकीवर कळत नाही. घरी सातलाच देवापुढे दिवा लागतो. सखुबाईंनी दिवा लावला असणार, मग फोन आला असणार. त्यांनी ऐकलं तेच केलं होतं. जे त्यांना अजून पक्कं आठवत होतं, त्यातूनच हे झालं होतं.

हे प्रशांतला समजावून सांगायचं कसं, याचा ती विचार करत होती तेवढ्यात तो चहाचा कप घेऊन गॅलरीच्या दारात आला. मागोमाग सखुबाई.

प्रशांतनं झाडाकडे बघितलं, मग बाटलीकडे. “आयेनं टाकलं काय यात काहीतरी?”

कल्पिता काही बोलायच्या आत सखुबाई पुढे झाल्या. त्यांनी एक पान खुडलं, उजेडाकडे धरलं, जळलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

“भरतीचं पानी बांध फोरून शेतान शिरला का भाताची पात अशीच जलते. टोकाशी पयली,” त्या म्हणाल्या. “यो खार हाय.”

“माझ्या हातून झालं,” कल्पिता प्रशांतकडे बघत म्हणाली. “डबा चुकला. घाईत होते.”

“बाटली मी भरली व्हती,” सखुबाई म्हणाल्या.

प्रशांतनं कप कठड्यावर ठेवला.

“नाही, आई. मीच आल्यावर भरली. तुम्ही झोपला होतात. तुम्हाला आठवत नाही.”

सखुबाई तिच्याकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं कल्पितानं हे शेवटचं वाक्य त्यांना कधी ऐकवलं नव्हतं. डॉक्टरांनी म्हटलं होतं, शेजारणी म्हणायच्या, प्रशांत तर रोज म्हणायचा.

“असल,” सखुबाई म्हणाल्या आणि पान मुठीत घेऊन आत गेल्या.

“बघून करत जा ना यार,” प्रशांत म्हणाला. “आयेचं लक्ष नाही, तुझंही नाही.” त्यानं कप उचलला. फॉर्मचं नाव काढलं नाही.

दुपारी कल्पितानं कुंडीत पाण्याच्या चार बादल्या हळूहळू सोडल्या. मुळाशी उतरलेला खार खालच्या भोकातून निघून जावा म्हणून. जळलेल्या फांद्या कात्रीनं बुंध्यापर्यंत छाटल्या. वीतभर काठी उरली. संचिताला तिनं फोन केला नाही.

संध्याकाळी सातला सखुबाईंनी देवापुढे दिवा लावला. जेवायला सुकटीचं कालवण आणि भात होता. प्रशांत डाव्या हातात मोबाइल धरून जेवत होता. त्याला रात्रपाळी होती. सखुबाईंनी पहिला घास घेतला आणि थांबल्या. कालवण अळणी झालं होतं. कल्पिताच्याही ते लक्षात आलं. त्या साखर मागतील म्हणून ती वाट बघत बसली, हात आधीच बरणीकडे गेलेला.

“मीठ दे,” सखुबाई म्हणाल्या.

प्रशांतनं मान वर केली नाही. त्याला वेगळं काही ऐकू आलं नसावं. कल्पितानं देव्हाऱ्याकडे बघितलं. दिवा जळत होता.

तिनं बरणी पुढे सरकवली. सखुबाईंनी चिमूटभर मीठ घेऊन भातावर सोडलं. मग बरणीतल्या मिठाला पडलेला खळगा बोटाच्या कडेनं सारखा केला, मिठागरातल्या जुन्या सवयीनं, सगळीकडून एका पातळीत, आणि झाकण लावलं.