दोनाच्या डोक्यावरचा एन

"एन खाली कसा आला?" वासुदेवशास्त्र्यांनी विचारलं. पडद्याला चुकून बोट लागू नये म्हणून त्यांनी हात उपरण्यात धरला होता.

विद्यापीठाच्या गणित विभागातल्या कंप्यूटरच्या खोलीत कालिंदीनं त्यांना शेजारी खुर्ची दिली होती. कालिंदी त्यांच्या मुलीची, अंबिकेची मैत्रीण. दोघी याच विभागात शिकवत. अंबिका जाऊन वर्ष झालं होतं. तिचा एकुलता शोधनिबंध विभागाच्या नियतकालिकात छापून आला, तो ती गेल्यावर. आता ते नियतकालिक इंटरनेटवर चढलं होतं. कालिंदीनं शोधायच्या चौकटीत अंबिकेचं नाव लिहिलं, तशी हळूहळू यादी उमटली होती. वर नाव आणि नावाखाली निबंधातल्या दोन ओळी.

"वर होता ना गं तो? दोनाच्या डोक्यावर, बारीक?"

"पानावर वरच आहे, काका. हे पाहा." तिनं पान उघडून दाखवलं. एन आपल्या जागी बसलेला होता. मग ती पुन्हा यादीवर आली. "पण यादी नुसती अक्षरं उचलते. कौन ऊपर, कौन नीचे, उसको मतलब नहीं."

शास्त्रीबुवा दुर्गाघाटावर मुलांना वेद शिकवत. अक्षराच्या डोक्यावरची उभी रेघ आणि पायाखालची आडवी रेघ, या स्वरांच्या खुणांतच त्यांचा जन्म गेला होता. गणित त्यांना येत नव्हतं. तरी या निबंधाच्या मुद्रितांतली चिन्हं त्यांनीच तपासली होती. अंबिकेला तेव्हा हातात कागद धरवत नव्हता. ती डोळे मिटून पडे आणि ते संथा द्यावी तसं एकेक चिन्ह मोठ्यानं म्हणत, "दोन, वर एन. ए, खाली एक." चुकलं की ती पांघरुणावरचं बोट हलवी. बरोबर असलं की नुसती पडून राही.

"एवढ्यानं काय बिघडलं, ते मला समजेल असं सांग."

कालिंदी घुटमळली. "एन म्हणजे तीन धरा. दोन तीनदा घेऊन गुणले की आठ. यादीत दिसतं ते दोन गुणिले तीन. सहा." ती थांबली. "पोलंडच्या एका प्राध्यापकांची मेल आलीय संपादकांना. त्यांनी यादीच वाचली, पान उघडलं नाही. म्हणतात, अशा आठ रचना मी कागदावर मांडून दाखवतो, आणि तुमच्या बाई सहाच्या वर होत नाहीत म्हणतात. असली चूक शाळेतलं पोरही करणार नाही."

"चूक तिची नाही."

"नाहीच, काका."

"पण नाव तिचं आहे."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. कालिंदी म्हणाली, "एक करता येईल. पानावरच्या सारांशात चिन्हाऐवजी शब्द लिहायचे, यादी तिथूनच उचलते. दोनाचा एनवा घात, असं इंग्रजीत, पूर्ण. शब्द यादीत गेले तरी मोडत नाहीत."

"म्हणजे तिचं वाक्य बदलायचं."

"तेवढी एकच जागा."

दुसऱ्याच्या वचनातली मात्रा शास्त्रीबुवांनी उभ्या आयुष्यात हलवली नव्हती. "तिला विचारायला हवं," ते म्हणून गेले.

कालिंदी कीबोर्डकडे पाहत राहिली. मग तिनं विचारलं, "काका, तुम्ही तिला वाचून दाखवायचात, तेव्हा या जागी काय म्हणायचात?"

"दोन, वर एन."

"आणि ती?"

"पडून राहायची."

शास्त्रीबुवांनी उपरणं सारखं केलं. "लिही," ते म्हणाले.

लिहून झालं, पण यादी लगेच बदलणार नव्हती. शोधणारं यंत्र आपल्या सवडीनं पुन्हा त्या पानावर फिरकणार, तेव्हा. गणपती झाले, पितृपक्ष झाला. शास्त्रीबुवा सकाळची संथा आटोपून रिक्षानं यायचे, यादी पाहायचे, जायचे. एन खालीच असायचा.

"पंडितजी," विभागाचा चपराशी एकदा म्हणाला, "कंप्यूटर की साढ़ेसाती चल रही है क्या? कोई जाप बैठा दीजिए."

"जाप ही तो चल रहा है, भैया," शास्त्रीबुवा म्हणाले.

कार्तिकात एका दुपारी यादीत शब्द दिसले. कालिंदीनं ते वाचून दाखवले. शास्त्रीबुवांनी पुन्हा वाचायला सांगितलं आणि डोळे मिटून ऐकलं.

"काका, आणखी एक आहे." कालिंदीचा आवाज बारीक झाला. "त्या प्राध्यापकांना मी चिन्हाचं कळवलं होतं. बाकीचं... मला लिहवलं नाही. त्यांचं उत्तर आलंय. अंबिकेच्या नावानं."

"वाच."

तिनं मराठी करत वाचलं. त्यांनी क्षमा मागितली होती. सबंध निबंध एका बैठकीत वाचला, सिद्धता फार सुंदर आहे, असं लिहिलं होतं. शेवटी विचारलं होतं, सध्या आपण कशावर काम करत आहात?

"सांगावं तर लागेल," कालिंदी म्हणाली. "काय लिहू?"

शास्त्रीबुवा त्या इंग्रजी ओळीकडे बघत होते. त्यांना ती वाचता येत नव्हती.

"आज नको लिहूस," ते म्हणाले.

घरी अंबिकेची आई, गीताबाई, विळीवर भोपळा चिरत होत्या. "झालं का दुरुस्त?"

"झालं." शास्त्रीबुवा पायरीवर टेकले. "पोलंडच्या प्राध्यापकांनी अंबिकेला विचारलंय. सध्या काय चालू आहे म्हणून."

गीताबाईंचा हात थांबला. "अहो, मग? काय सांगितलंत?"

"उद्या कळवू म्हटलं."

त्यांनी मान हलवली. "बरं केलंत," म्हणाल्या, आणि पुढची फोड विळीला लावली.